वाटखर्ची

आपल्याकडे एक जुनी रीत आहे. परगांवच्या कीर्तनकारास देवळांत बोलावलें, तर त्याची बिदागी निराळी आणि वाटखर्ची निराळी. बिदागी त्याच्या गुणाची, वाटखर्ची त्याच्या येण्याची. कीर्तन रंगलें नाहीं म्हणून एखाद्या गांवानें बिदागी देतांना हात आखडता घेतला असेल. परंतु ज्याला आपण होऊन बोलावलें त्याला वाटखर्ची न देतां परत पाठविणें हें गांवाच्या अब्रूस कमीपणा आणणारें समजलें जाई. न्यायाची कचेरीही हाच नियम पाळते. दिवाणी दाव्यांत ज्या पक्षास साक्षीदार बोलवावयाचा असेल त्याला त्या साक्षीदाराच्या जाण्यायेण्याचा खर्च आधीं कोर्टांत भरावा लागतो. दोन्ही ठिकाणीं तत्त्व एकच आहे : जो बोलावतो, तो वाटेचा देणेकरी होतो.

हें तत्त्व ज्या ठिकाणीं सर्वांत अधिक माणसांच्या उपयोगी पडावें, त्याच ठिकाणीं तें कोणास आठवत नाहीं, ही गोष्ट आमच्या ध्यानांत येण्यास वयाची पन्नाशी उलटावी लागली आणि मध्यें एक महामारी यावी लागली. रोज सकाळीं लक्षावधि माणसांस कामावर बोलावणें असतें. धनी म्हणतो, "काम दहा वाजतां सुरू होतें." घरचीं माणसें म्हणतात, "ते तर आठालाच बाहेर पडले." या दोन वाक्यांच्या मधले जे दोन तास, ते धन्याच्या वहींत नाहींत आणि चाकराच्या विश्रांतींतही नाहींत. मग ते कोणाचे? साथीमुळें ते अकस्मात् मोकळे झाले, आणि साथ ओसरल्यावर ते पुन्हां मागितले गेले. तेव्हां ते मागण्याचा अधिकार कोणास होता आणि कोणत्या कारणासाठीं होता? या प्रश्नाचा विचार आम्ही येथें करणार आहों. प्रश्न लहान दिसतो. पण ज्यांचें आयुष्य वाटेंत जातें त्यांस तो लहान नाहीं.

उदाहरणासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी निघाली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ पासून मुंबईच्या उपनगरांसाठीं विजेची गाडी धांवूं लागली. गाडी लांब जाऊं लागली तशीं माणसेंही लांब गेलीं. ज्याचे आजोबा गिरगांवांतील चाळींतून पायीं कचेरीस जात, त्याचे वडील दादराहून जाऊं लागले आणि तो स्वतः डोंबिवली किंवा बदलापूर गांठून बसला. साथीपूर्वीं या लोकल गाड्यांतून दिवसाला सुमारें ७५ लाख प्रवासी जात. आणि रूळ ओलांडतांना वा गाडींतून पडून दर वर्षीं दोन हजारांहून अधिक माणसें प्राणांस मुकत. एखाद्या कारखान्यांत वर्षाला इतके कामगार मेले असते, तर तो कारखाना एक दिवसही चालूं दिला गेला नसता. पण वाट ही कोणाचाच कारखाना नसल्यामुळें तिच्यावरील मृत्यूंची जबाबदारी कोणाच्याच अंगास चिकटली नाहीं.

येथें धनी म्हणेल, "तुम्हीं कोठें राहावें हें आम्हीं कधीं सांगितलें? तुमचें घर लांब असेल तर तो तुमचा प्रश्न आहे." हें म्हणणें अर्धें खरें आहे, आणि अर्धें खरें असल्यामुळेंच तें आजवर टिकलें. कचेरी कोठें असावी हें धनी ठरवितो, पगार किती असावा हेंही मुख्यतः तोच ठरवितो. आणि त्या पगारांत त्या कचेरीच्या आसपास बिऱ्हाड करणें शक्य नसेल, तर माणसानें लांब राहण्याची 'निवड' केली असें म्हणणें म्हणजे विहीर आटल्यावर गांवानें टँकरची निवड केली असें म्हणण्यासारखें आहे.

२३ मार्च २०२० पासून सर्वसामान्य प्रवाशांसाठीं या गाड्या थांबल्या. युद्धाच्या काळांतही जी वाट बंद पडली नाहीं ती बंद पडली. ज्यांचें काम कागदावर, फोनवर वा संगणकावर चालण्यासारखें होतें त्यांचीं घरें रातोरात कचेऱ्या झालीं. आम्ही मुलुंडास राहतों व दक्षिण मुंबईंतील एका महाविद्यालयांत शिकवितों. जातांना एक तास वीस मिनिटें, येतांना तितकींच. वर्षाचे दोनशेंच दिवस धरले, तरी पंचवीस वर्षांच्या नोकरींत तेरा हजारांहून अधिक तास, म्हणजे रात्रंदिवस मोजल्यास दीड वर्ष, आम्हीं गाडींत व फलाटावर घालविलें होतें. हा हिशेब आम्हीं प्रथम केला तो एप्रिल २०२० मध्यें. कारण हरवलेली वस्तु सांपडल्यावरच ती किती मोठी होती हें कळतें.

पहिले कांहीं आठवडे हा वेळ खरोखरच आमचा होता, हें कबूल केलें पाहिजे. बाहेर माणसें मरत होतीं आणि आंत आम्ही कित्येक वर्षें न उघडलेलीं पुस्तकें उघडून बसलों होतों. या सुखाची लाज वाटे, पण तें सुख होतें. तें फार काळ टिकलें नाहीं. लवकरच महाविद्यालयाची सूचना आली कीं, सर्व शिक्षकांची सभा सकाळीं आठ वाजतां पडद्यावर भरेल. प्रवास नसल्यामुळें ही वेळ सर्वांस सोयीची आहे. त्या एका वाक्यांत सगळी गोष्ट आली. जो वेळ पंचवीस वर्षें आमच्या खात्यावर खर्च पडला होता, तो शिल्लक राहतांच दुसऱ्याच्या खात्यांत जमा झाला.

हा आमचा एकट्याचा अनुभव नव्हे. साथीच्या काळांत २७ देशांतील नोकरदारांची पाहणी करून कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, घरून काम केल्यानें माणसाचीं दिवसाला सरासरी ७२ मिनिटें वांचतात. भारतांत तीं ९९ भरलीं. पण या वांचलेल्या वेळांतला सुमारें ४० टक्के भाग माणसांनीं पुन्हां कामांतच घातला. मुलांबाळांच्या व वृद्धांच्या देखभालीस आला तो ११ टक्के. साथीच्या पुष्कळ आधीं, २०१० च्या अखेरीस, चीनमधील सीट्रिप या प्रवासकंपनीनें आपल्या फोनवर काम करणाऱ्या कांहीं नोकरांस नऊ महिने, आठवड्याचे चार दिवस, घरून काम करूं देऊन पाहिलें होतें. काम १३ टक्क्यांनीं वाढलें, असें सांगून या प्रयोगाचें कौतुक होतें. पण या तेरांपैकीं नऊ टक्के वाढ ही प्रत्येक पाळींत अधिक मिनिटें काम केल्यानें झाली होती. सुट्या कमी झाल्या होत्या आणि मधली विश्रांति आंखडली होती. येणेंप्रमाणें वाट सुटली म्हणजे वेळ आपोआप चाकराचा होतो हा समज खोटा ठरतो. वाटेचा वेळ बेवारस माल आहे. जो बळकट असेल तो तो उचलतो.

मग बंधनें हळूहळू सैल होऊं लागलीं. १५ जून २०२० रोजीं लोकल सुरू झाली ती केवळ अत्यावश्यक सेवेंतील माणसांसाठीं. २१ ऑक्टोबरपासून स्त्रियांस मुभा मिळाली, तीही सकाळीं अकरा ते दुपारीं तीन आणि सायंकाळीं सातनंतर. पुढच्या वर्षीं दुसरी लाट आली व दारें पुन्हां लागलीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांस पास मिळूं लागला, आणि २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्यास, महाराष्ट्र सरकारनें उरलींसुरलीं बंधनेंही उठविलीं. सरकारचें काम तेथें संपलें. धन्यांचें तेथें सुरू झालें. आतां प्रत्येक धन्यास स्वतः ठरवावें लागणार होतें कीं, कोणास बोलवावयाचें, किती दिवस, आणि कशासाठीं. इतके दिवस हा प्रश्नच नव्हता. यावें लागे म्हणून माणसें येत. आतां येण्याला कारण लागणार होतें.

कारणें देणारांचा पक्ष दुबळा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. नवशिक्या माणसास जुन्या माणसाच्या शेजारीं बसून जें शिकतां येतें तें पडद्यावर शिकतां येत नाहीं, हें शिक्षकानें तरी नाकारूं नये. आमच्या वर्गांतील विद्यार्थी दीड वर्ष काळ्या चौकोनांत नांवापुरते हजर होते. त्यांपैकीं कोण हुशार, कोण घाबरट, कोणाला घरीं निवांत बसण्यास कोपराही नाहीं, हें आम्हांस कळलें नाहीं. सीट्रिपच्या त्या प्रयोगांतही, मुदत संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकीं सुमारें निम्म्या माणसांनीं आपण होऊन कचेरींत परतणें पसंत केलें. एकटेपणा हें त्याचें मोठें कारण होतें. शिवाय कामाच्या मानानें पाहतां त्यांस बढतीही कमी मिळाली होती. जो डोळ्यांपुढें नसतो तो आठवणींतही राहत नाहीं. त्याच कंपनीनें साथीच्या काळांत आठवड्याचे दोन दिवस घरून काम देऊन पुन्हां परीक्षा पाहिली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत बढतीवर विपरीत परिणाम दिसला नाहीं आणि नोकरी सोडून जाणारे सुमारें एकतृतीयांशानें कमी झाले. यावरून घर चांगलें किंवा कचेरी वाईट असें कांहींच सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें इतकेंच कीं, कोणत्या कामास एकत्र यावें लागतें आणि कोणत्या कामास लागत नाहीं, हें विचार करून ठरवितां येतें.

पण पुष्कळ ठिकाणीं विचाराऐवजीं हुकूम आला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या आपल्याकडील अग्रगण्य कंपनीनें २०२० साली जाहीर केलें होतें कीं, २०२५ पर्यंत एका वेळीं पंचवीस टक्क्यांहून अधिक माणसें कचेरींत असण्याची गरज उरणार नाहीं. त्याच कंपनीनें २०२३ च्या ऑक्टोबरांत आपल्या नोकरांस आठवड्याचे पांचही दिवस येण्यास सांगितलें. मत बदलणें हा दोष नव्हे. परंतु घरून काम कायम राहील या भरंवशावर ज्यांनीं आईबापांजवळ, मुलांच्या शाळेजवळ, आपल्या गांवीं बिऱ्हाडें थाटलीं, त्यांना मत बदलण्याची किंमत द्यावी लागली आणि मत बदलणारांस ती द्यावी लागली नाहीं, ही विषमता नजरेआड करण्यासारखी नाहीं. आमच्या महाविद्यालयाचाही एक प्रसंग सांगतों. विद्यार्थ्यांसाठीं वर्ग २० ऑक्टोबर २०२१ रोजीं उघडले. पण त्याच्या कांहीं आठवडे आधीं शिक्षकांस बोलावणें आलें कीं, शिकवावयाचें पडद्यावरच, मात्र तें महाविद्यालयांत बसून. आम्ही दोन तास चाळीस मिनिटें प्रवास करून रिकाम्या खोलींत, घरच्यासारख्याच पडद्यापुढें बसत असूं. कारण विचारल्यावर उत्तर मिळालें, "शिस्त." ज्या बोलावण्यास दुसरें कारण नसतें त्यास शिस्त हें नांव देण्याचा प्रघात आहे.

येथवर लिहून झाल्यावर आम्हांस हा लेख थांबवितां आला असता, आणि वाचकही आमच्याशीं सहमत होऊन पान उलटते. पण आम्ही केवळ चाकर नाहीं. आम्ही धनीही आहों, आणि बहुतेक वाचकही आहेत.

आमच्या घरीं कामास येणाऱ्या बाई दिव्यास राहतात. गाड्या बंद झाल्यावर आम्हीं त्यांस पहिले तीन महिने पूर्ण पगार दिला, आणि त्याची गोष्ट पुष्कळांस सांगितली. सोसायटीनें कामवाल्यांस पुन्हां येऊं देण्याचें ठरविलें, तेव्हां त्यांस बोलावणारे पहिले आम्ही. लोकल त्यांच्यासाठीं नव्हती. रिक्षा आणि दोन बसगाड्या करून त्या येत. भाडें किती पडतें हें आम्हीं एकदांही विचारलें नाहीं. ऑक्टोबरांत स्त्रियांस गाडींत घेऊं लागले, पण अकरानंतर. त्या बारा वाजतां येऊं लागल्या, आणि तीनच्या आंत परत गाडी गांठावयाची म्हणून घाईनें कामें उरकूं लागल्या. आमच्या घरांतून त्यांस सांगण्यांत आलें, "जरा लवकर येत जा." त्या म्हणाल्या, "वहिनी, अकराच्या आधीं फलाटावर सोडतच नाहींत. मी काय करूं?" आम्ही त्याच वेळीं आंतल्या खोलींत बसून महाविद्यालयाच्या आठ वाजतांच्या सभेबद्दल एका स्नेह्याजवळ तक्रार करीत होतों. दोन्ही वाक्यें एकाच घरांत, एकाच वेळीं उच्चारलीं गेलीं, आणि आम्हांस त्यांत कांहींच वावगें वाटलें नाहीं.

घरून काम हा साथीच्या काळाचा मोठा बदल, असें म्हणतांना हीच गोष्ट विसरली जाते. परिचारिका, सफाई कामगार, बसचालक, दूधवाले, पहारेकरी यांचें काम घरून होण्यासारखें नव्हतें. आमचें घरून झालें तें पुष्कळ अंशीं त्यांचें वाटेवरून चाललें म्हणून. तेव्हां वाटेचा विचार करावयाचा तर केवळ ज्यांची वाट टळूं शकते त्यांचाच करून भागणार नाहीं. ज्यांची टळूं शकत नाहीं त्यांची वाट कोणाच्या हिशेबांत धरावी?

या बाबतींत कायद्यानें एक पाऊल टाकलें आहे. २२ एप्रिल २००३ रोजीं महाराष्ट्रांतील एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहांटे तीनच्या पाळीस निघाला होता. कारखाना पांच किलोमीटरांवर राहिला असतां वाटेंत अपघात होऊन तो मरण पावला. त्याच्या कुटुंबास भरपाई द्यावी असा पहिला निवाडा झाला. उच्च न्यायालयानें तो फिरविला, कारण मृत्यु कामावर नव्हे, वाटेवर झाला होता. २९ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पहिला निवाडा कायम केला. कामगार राज्य विमा कायद्यांत २०१० साली घातलेल्या कलमाचा आधार घेऊन न्यायालयानें ठरविलें कीं, घरून कामावर जातांना किंवा परततांना झालेला अपघात, त्याची वेळ, ठिकाण व परिस्थिति यांचा नोकरीशीं संबंध दिसत असेल, तर कामाच्या ओघांतच झाला असें धरावें. त्या कुटुंबास हें ऐकण्यास बावीस वर्षें लागलीं.

या निकालानें आम्हांस एक प्रश्न पडला आहे. वाटेवर आलेलें मरण जर कामाचें मरण ठरतें, तर वाटेवर गेलेलें जिणें कामाचें जिणें कां ठरूं नये? पहारेकरी सुखरूप पोंचला असता तर तीच वाट त्याची खाजगी बाब ठरली असती. तो मेला म्हणून ती कामाची झाली. मनुष्याच्या वेळास मोल येण्यासाठीं त्याला मरावें लागावें, हा हिशेब कोणत्याही नीतीनें योग्य म्हणतां येणार नाहीं.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. वाटेच्या तासांस पगार द्यावा लागला, तर धनी लांबच्या माणसांस कामावरच ठेवणार नाहीं; जवळ राहणारे, म्हणजे बहुधा अधिक सुस्थितींतले, तेवढे निवडले जातील आणि ज्यांच्या हितासाठीं नियम केला त्यांचेंच नुकसान होईल. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि म्हणून मैलावर मजुरी मोजावी असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें याहून लहान, पण टाळण्यास कठीण आहे : जो बोलावतो त्यानें कारण द्यावें, आणि तें कारण वाटेच्या मानानें पुरेसें असावें. नव्या माणसास हाताशीं घेऊन शिकविणें हें पुरेसें कारण आहे; रिकाम्या खोलींत पडद्यापुढें बसविणें हें नाहीं. ब्रिटनमध्यें एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच कामाची वेळ वा जागा बदलून मागण्याचा हक्क मिळाला आहे, आणि धन्यास नकार द्यावयाचा तर कायद्यानें मान्य केलेलें कारण दाखवावें लागतें. नेदरलंड्समध्यें याहून पुढें जाणारें विधेयक खालच्या सभागृहानें २०२२ साली संमत केलें; वरच्या सभागृहानें २०२३ साली तें फेटाळलें. कायदा होवो वा न होवो, कारण देण्यास कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं.

आणि जेथें वाट टळणार नाहीं तेथें ती सोपी करणें पुष्कळदां फुकटांत होतें. सारें शहर एकाच वेळीं बोलावलें जातें म्हणून गाडींत दारापाशीं लोंबकळावें लागतें. वेळ तासाभरानें मागेंपुढें केली, तर धन्याचा एक पैसाही जात नाहीं; जातो तो केवळ त्याचा हट्ट.

ही गोष्ट आम्ही शिकलों ती पुस्तकांतून नव्हे. ९ जून २०२५ रोजीं, सोमवारीं सकाळीं, दिवा व मुंब्रा यांच्या दरम्यान गर्दीच्या दोन गाड्या एकमेकींजवळून जातांना दारांतील प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांपैकीं कांहींजण दगावले. त्या सकाळीं बाईंचा फोन आला : गाड्या थांबल्या आहेत, उशीर होईल. फोन आम्हींच घेतला होता. आमच्या तोंडून निघालेला पहिला शब्द होता, "किती?" काय झालें, त्या कोठें आहेत, सुखरूप आहेत ना, हें आम्हीं विचारलें तें तासाभरानें, बातमी कळल्यावर. पंचवीस वर्षें ज्या वाटेनें आम्ही स्वतः गेलों, तिच्यावरील माणसास आम्ही त्याच वाटेच्या दुसऱ्या टोंकास बसून ओळखूं शकलों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्या आल्या तेव्हां आम्हीं पासाचे पैसे देऊं केले, आणि आणखी काय करतां येईल हें, इतक्या वर्षांत प्रथमच, विचारलें. पैसे त्यांनीं घेतले. मग म्हणाल्या, "सर, मला अकराला येऊं द्या. तेव्हां गाडींत बसायला जागा मिळते."

अकरा वाजतां. पांच वर्षांपूर्वीं सरकारच्या नियमानें त्या ज्या वेळीं गाडींत चढत, आणि आमच्या घरांत ज्या वेळेबद्दल कुरकूर झाली होती, बहुतेक तीच ही वेळ. आतां त्या अकराला येतात. सकाळचीं भांडीं तोंवर तशींच पडून राहतात, आणि त्यानें आमचें कांहीं बिघडलेलें नाहीं.